काळे आधी की कावळे?

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयातली सभासदांची आणि पुस्तकांची यादी नुकतीच संगणकावर गेली. सगळी नोंद मराठीत आहे, डेटाबेस मायएसक्यूएल. आडनावांप्रमाणे यादी काढली की काळे मंडळी कावळे, काशीकर, कासार यांच्या आधी येऊन बसतात. जुन्या वहीत ती या सगळ्यांच्या नंतर असत. काम करून देणारे म्हणतात, "कोलेशन बदलून बघा." पण कोणती कोलेशन्स मिळतात, हे कळायचं कुठून? आणि आणखी एक कोडं आहे. 'दऱ्या' शोधलं की शीर्षकात 'दर्या' असलेली पुस्तकंही समोर येतात. ती का?
— एक ग्रंथपाल, सातारा जिल्हा

उत्तर : तुमच्या वहीतला क्रम बरोबर आहे. मराठी वर्णमालेत ळ येतो ह च्या पाठोपाठ. म्हणून आधी काणे, मग कामत, कावळे, काशीकर, कासार आणि त्यानंतर काळे. संगणकाने काळ्यांना कामतांच्या लगेच मागे नेऊन बसवलं, कारण त्याने वर्णमाला पाहिलीच नाही. युनिकोडच्या तक्त्यात ल ला ०९३२ हा क्रमांक आहे, ळ ला ०९३३ आणि व ला ०९३५. मधलं घर तमिळ-मल्याळम शब्द देवनागरीत लिहिण्यासाठीच्या ऴ चं. हा तक्ता युनिकोडने 'इस्की' या भारतीय मानकाच्या १९८८च्या आवृत्तीवरून घेतला. त्या मानकाची कल्पना अशी, की सगळ्या भारतीय लिप्या एकाच साच्यात बसवायच्या. म्हणजे एका लिपीतून दुसरीत जाणं सोपं होतं. कल्पना उत्तमच होती, फक्त तिच्यात ळ कायमचा ल च्या शेजारी गेला. गुजराती वर्णमालेतही ळ ह च्या नंतरच येतो, पण तक्त्यात तिथेही तो ल जवळ आहे. तक्त्यातला क्रम म्हणजे वर्णक्रम नव्हे, असं युनिकोडवाले स्वतःच सांगतात. वर्णक्रमाचे नियम वेगळे लिहावे लागतात आणि त्या नियमांच्या संचालाच डेटाबेसच्या दुनियेत कोलेशन म्हणतात.

त्याच्या जोडीला येणारा शब्द कॅरेक्टर सेट. दोन्हींची लोक सर्रास सरमिसळ करतात. कोणती अक्षरं साठवता येतील आणि प्रत्येक अक्षर किती बाइटांत बसेल, हे कॅरेक्टर सेट ठरवतो. त्यांतलं कोणतं आधी, कोणतं नंतर आणि कोणती दोन 'एकच' धरायची, हे कोलेशन ठरवतं. प्रत्येक कोलेशन कुठल्या ना कुठल्या कॅरेक्टर सेटला बांधलेलं असतं.

आता याद्या. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत, टंकताना अर्थातच रोमन अक्षरं वापरायची.) मायएसक्यूएलमध्ये 'शो कॅरेक्टर सेट' म्हटलं की चाळीसेक ओळी येतात. प्रत्येक ओळीत नाव, थोडक्यात वर्णन, त्या संचाचं ठरीव कोलेशन आणि एका अक्षराला जास्तीत जास्त किती बाइट लागतात तो आकडा. ही यादी एकदा सावकाश वाचावी. तिच्यात आर्मेनियन आहे, जॉर्जियन आहे, थाई आहे, डॉसच्या काळातला चेक-स्लोव्हाक संचही आहे. आपला इस्की मात्र नाही. म्हणून कुणाकडे इस्कीतला जुना मजकूर असेल, तर तो बाहेरच युनिकोडमध्ये बदलून मग आत घ्यावा लागतो.

याच यादीत एक फसवं नाव आहे. मायएसक्यूएलमधला नुसता 'युटीएफ-८' म्हणजे खरा युटीएफ-८ नव्हे. त्यात अक्षराला तीनच बाइट मिळतात, आणि आता यादीत तो 'युटीएफ-८-एमबी-३' या खऱ्या नावाने दिसतो. देवनागरीचं प्रत्येक अक्षर नेमकं तीन बाइटांचं असल्यामुळे मराठी त्यात गुण्यागोविंदाने नांदते आणि वर्षानुवर्षं कुणाला काही कळत नाही. मग एखादा सभासद अभिप्रायात हसरा चेहरा टाकतो. इमोजीला चार बाइट लागतात, आणि नोंद नाकारली जाते. त्यासाठी चार बाइटांचा 'युटीएफ-८-एमबी-४' २०१०मध्ये ५.५ या आवृत्तीच्या वेळी आला. आज नवं काही उभारत असाल, तर दुसरा विचारही करू नका, हाच घ्या.

'शो कोलेशन' ही आज्ञा नुसती दिली, तर आवृत्ती ८मध्ये अडीचशेहून जास्त ओळी अंगावर येतात. म्हणून तिला गाळणी लावायची : 'शो कोलेशन व्हेअर कॅरेक्टर सेट अमुक'. अटीत स्तंभाचं नाव मात्र 'चारसेट' असं आखूड लिहायचं. किंवा नावाच्या सुरुवातीवरून 'लाइक' वापरून शोधायचं. क्वेरीत जोडून वापरण्यासारखी हीच माहिती हवी असेल, तर ती 'इन्फर्मेशन स्कीमा'तल्या 'कोलेशन्स' नावाच्या टेबलात असते.

ही नावं दिसतात भीतिदायक, पण ती फोडता येतात. आवृत्ती ८चं ठरीव कोलेशन घ्या : 'युटीएफ-८-एमबी-४, ०९००, एआय, सीआय'. पहिला तुकडा कॅरेक्टर सेटचा. ०९०० म्हणजे युनिकोडच्या वर्णक्रम-नियमावलीची ९.० ही आवृत्ती. 'एआय' म्हणजे अक्षरावरच्या खुणांकडे दुर्लक्ष, 'सीआय' म्हणजे रोमन लिपीतल्या लहान-मोठ्या अक्षरांकडे दुर्लक्ष. याउलट 'एएस' आणि 'सीएस' असेल, तर दोन्ही भेद मानले जातात. शेवटी 'बिन' असेल, तर नियम वगैरे काही नाही, थेट क्रमांकांची तुलना. मराठीला लहान-मोठं अक्षर नसतंच, त्यामुळे 'सी'चा प्रश्न तुमच्या यादीतल्या इंग्रजी पुस्तकांपुरता. 'ए'चा मात्र फार मोठा आहे, त्याकडे येतोच.

आधी काळ्यांचं बघू. या यादीत मराठीचं कोलेशन आहे का? नाही. हिंदीचंही नाही. भारतातल्या कुठल्याच भाषेच्या नावाचं नाही.

मग कुणाची आहेत? जर्मनची आहेत, आणि त्यातही टेलिफोन डिरेक्टरीच्या पद्धतीचं वेगळं, कारण तिथे दोन टिंबांच्या स्वरांचा क्रम कोशात एक आणि डिरेक्टरीत दुसरा. स्पॅनिशची दोन आहेत : एक आजचं, एक 'पारंपरिक'. स्पॅनिश अकादम्यांनी १९९४मध्ये दोन जोडाक्षरांना कोशात स्वतंत्र अक्षर मानणं सोडलं, तरी जुन्या क्रमाने लावलेल्या याद्या जगात होत्याच. शेजारच्या श्रीलंकेची सिंहली आहे. लॅटिन आहे. एस्पेरान्तोसुद्धा आहे, म्हणजे एका माणसाने बसून रचलेली भाषा! कोट्यवधी लोक रोज जिच्यात सातबारा आणि लग्नपत्रिका लिहितात, ती नाही. यात कुणाचा कट नाही. ज्यांनी नियम लिहून पाठपुरावा केला, त्यांचे नियम आत गेले. पण ही यादी वाचताना थोडं खट्टू व्हायला होतं, एवढं खरं.

गंमत अशी, की या डेटाबेसचा जन्मच मुळी परक्या वर्णक्रमात झाला. कंपनी स्वीडनची, म्हणून आवृत्ती ५.७पर्यंत ठरीव कोलेशन 'लॅटिन-१ स्वीडिश' होतं. साताऱ्यात, सोलापुरात, न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाच्या संकेतस्थळावर कुणी काही न निवडता टेबल बनवलं, की ते स्वीडिश नियमांनी चालू व्हायचं. त्या नियमांत दोन टिंबांचा 'यू' आणि 'वाय' एकच. २०१८मध्ये आवृत्ती ८ आली, तेव्हा कुठे हे ठरीव मूल्य युटीएफ-८-एमबी-४ झालं. मात्र अद्ययावत केल्यावर जुनी टेबलं आपोआप बदलत नाहीत, ती स्वीडिशची स्वीडिशच राहतात. म्हणून नव्या आवृत्तीवर असलात, तरी आपल्या टेबलांचं कोलेशन एकदा डोळ्यांनी पाहा.

आणि ०९०० घेतलं तरी काळे हलणार नाहीत. युनिकोडची सर्वसाधारण नियमावलीही ळ ला ल च्या मागेच ठेवते. मराठीसाठीची दुरुस्ती वेगळी लिहिली आहे, ती युनिकोडच्याच 'सीएलडीआर' या भाषानिहाय माहितीसाठ्यात. तिथे मराठीच्या नियमात ह, मग ळ, मग क्ष, मग ज्ञ असा आपला शाळेतला क्रम आहे. फक्त मायएसक्यूएलने तो उचललेला नाही.

पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसने उचलला आहे. २०१७च्या आवृत्ती १०पासून त्याला आयसीयू या कोड-संग्रहाची जोड मिळाली, आणि हा संग्रह सीएलडीआरचेच नियम वापरतो. त्यातली यादी 'पीजी-कोलेशन' या अंतर्गत टेबलात असते. 'पीएसक्यूएल'च्या काळ्या पडद्यावर असाल, तर बॅकस्लॅश, लहान डी, मोठा ओ आणि मोठा एस इतकंच टंकून ती दिसते. नाव 'एमआर'ने सुरू होणाऱ्या ओळी काढा, 'एमआर-एक्स-आयसीयू' असं एक नाव मिळेल. गोव्याच्या वाचकांसाठी 'केओके'ने सुरू होणारं कोकणीचंही आहे. क्वेरीच्या शेवटी 'ऑर्डर बाय आडनाव कोलेट' असं लिहून हे नाव दुहेरी अवतरणात दिलं, की काळे कासारांच्या मागे जातात. अवतरण विसरलात तर मधल्या जोडरेषेला तो वजाबाकी समजेल.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवर असता, तर 'एफएन-हेल्प-कोलेशन्स' या फंक्शनने हजारो ओळींची यादी दिली असती. तिच्यात बंगाली, असमिया, नेपाळी यांची स्वतःची नावं आहेत, आपली सोय 'इंडिक जनरल' नावाच्या सामाईक खोलीत.

पण वाचनालयाच्या एका यादीसाठी डेटाबेस बदला, असं मी सांगणार नाही. मायएसक्यूएलमध्येच एक आडवाट आहे. आडनावाच्या शेजारी आपोआप भरणारा दुसरा कॉलम करायचा, ज्याला जनरेटेड कॉलम म्हणतात. त्यात आडनाव जसंच्या तसं घ्यायचं, फक्त 'रिप्लेस' वापरून ळ च्या जागी असं अक्षर घालायचं, जे तक्त्यात ह च्या नंतर आणि काना-मात्रांच्या आधी येतं. 'काना-मात्रांच्या आधी' ही अट महत्त्वाची. तक्त्याच्या टोकाचं कुठलंही अक्षर घेतलंत, तर 'कळके' हे आडनाव 'कानडे'च्या मागे जाईल आणि एक चूक काढून दुसरी घातल्यासारखं होईल. ह ०९३९ला आहे आणि काना ०९३ईला. या फटीत ०९३ए हे घर काश्मिरीच्या एका स्वरचिन्हाचं आहे, मराठीत ते कधीच वापरात येत नाही. तेच घ्या. या कॉलमचं कोलेशन 'बिन' ठेवा, क्रम त्याच्यावरून लावा आणि पडद्यावर मात्र मूळ आडनावच दाखवा.

क्षीरसागर आणि ज्ञानेश्वर यांचं काय, हे तुमचं तुम्ही ठरवा. 'बिन'मध्ये क्ष हा क + ् + ष म्हणून क च्या कुळाच्या अगदी शेवटी येतो, कौ नंतर. वर्णमालेप्रमाणे त्याची जागा ळ नंतर. छापील याद्यांत दोन्ही पद्धती आढळतात. माझं मत विचाराल तर आहे तिथेच राहू द्या, कारण यादीत क्षीरसागर शोधणारा माणूस आधी क च्या पानावरच जातो.

आता दर्या आणि दऱ्या. यात खरा धोका आहे. क्रम चुकला तर नाव जरा शोधावं लागतं, इतकंच. पण कोलेशनने दोन वेगळे शब्द एकच मानले, तर चुकीचं उत्तर मिळतं आणि ते चुकीचं आहे हे कळतही नाही. युनिकोडमध्ये ऱ ला स्वतःचा क्रमांक असला, तरी र आणि खाली नुक्ता अशी त्याची फोड आहे. नुक्ता म्हणजे अक्षरावरची खूण. 'एआय' कोलेशन खुणा सोडून देतं. राहिला र. त्यामुळे ठरीव कोलेशनला समुद्र आणि डोंगरातल्या दऱ्या यांत फरक दिसत नाही, आणि आचार्यांना दिलेली दक्षिणा आचाऱ्यांच्याही खात्यात दिसू शकते. शाळेत व्याकरणाच्या तासाला ज्या उदाहरणावर आपण हसलो, ते इथे युनिक इंडेक्सवर आपटतं. एका कॉलमला 'दुबार नोंद नको' अशी अट असेल आणि 'दर्या' आधीच असेल, तर 'दऱ्या' आत जाणारच नाही.

उपाय सोपा आहे : त्या कॉलमला 'एएस' असलेलं कोलेशन द्या, म्हणजे '०९००, एएस, सीआय'. मग नुक्त्याचा भेद मानला जाईल आणि इंग्रजी शीर्षकं शोधताना लहान-मोठ्या अक्षरांचा त्रासही होणार नाही.

एवढ्याने सगळं सुटेल असं मात्र नाही, कारण लोक हे अक्षर दोन तऱ्हांनी टंकतात. इनस्क्रिप्ट कळफलकावर र च्याच कळीवर शिफ्ट दाबून ऱ येतो, त्याला हलन्त जोडून य घेतला की 'ऱ्य' तयार होतो. काही साधनं मात्र साधा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालून हुबेहूब तोच आकार काढतात. कागदावर दोन्ही सारखे. पण हे अदृश्य चिन्ह वर्णक्रमाच्या नियमांत पूर्ण वगळलेलं आहे, 'एएस'मध्येसुद्धा. म्हणजे अशा पद्धतीने टंकलेल्या 'दऱ्या' पुन्हा 'दर्या'च ठरणार. म्हणून नोंद आत घेतानाच र, हलन्त, जोडचिन्ह या त्रिकुटाच्या जागी ऱ आणि हलन्त घालून घ्या. ॲ चंही तसंच आहे. ॲडव्होकेट मधला ॲ २००८पासून युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर आहे, २००९च्या शासन निर्णयाने त्याला वर्णमालेत जागाही दिली, पण कुणी तो अ वर चंद्र काढून टंकतो, तर कुणी हिंदीतला ऍ घेतो. ही तीन वेगवेगळी रूपं आहेत आणि त्यांना एक मानण्याचा नियम युनिकोडमध्ये नाही. ते काम तुम्हालाच करायचं आहे.

बदल करताना एक पथ्य. एकाच टेबलाचं कोलेशन बदलून थांबू नका. सभासदांचं टेबल एका कोलेशनमध्ये आणि देवघेवीचं दुसऱ्यात राहिलं, तर दोन्ही जोडणारी क्वेरी १२६७ क्रमांकाची चूक दाखवून अडते : कोलेशन्सचं बेकायदा मिश्रण. शब्द जरा पोलिसी आहेत, पण अर्थ इतकाच, की तुलना कुणाच्या नियमाने करायची हे तिला ठरवता येत नाही. नवी ०९०० मालिका आणखी एक गोष्ट बदलते. जुनी कोलेशन्स नावाच्या शेवटची मोकळी जागा मोजत नसत, नवी मोजतात. 'शो कोलेशन'च्या यादीत 'पॅड-ॲट्रिब्यूट' नावाचा स्तंभ आहे, तो याचसाठी. टंकताना शेवटी स्पेस दाबायची सवय असलेल्या कर्मचाऱ्याने केलेल्या नोंदी त्या दिवसापासून शोधात सापडेनाशा होतात. तेव्हा आधी बॅकअप, मग शेपटीच्या मोकळ्या जागा छाटणं आणि मग कोलेशन.

प्रश्न : जुन्या संस्थेचा डेटा उघडला, तर काही ठिकाणी नुसती प्रश्नचिन्हं आहेत आणि काही ठिकाणी विचित्र रोमन अक्षरं. दोन्हींतला मजकूर परत मिळेल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : प्रश्नचिन्हांचा नाही, विचित्र अक्षरांचा बहुधा हो. लॅटिन-१च्या कॉलममध्ये देवनागरी शिरायला लागली, की न बसणाऱ्या प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवलं जातं आणि मूळ अक्षर तिथेच संपतं. दुसऱ्या प्रकारात बाइट शाबूत असतात, फक्त ते चुकीच्या संचाप्रमाणे वाचले जातात. ओळखायची खूण सांगतो : देवनागरीचा प्रत्येक तिहेरी गट एकाच बाइटने सुरू होतो, म्हणून डोक्यावर तिरकी रेघ असलेला लहान 'ए' दर दोन चिन्हांनंतर पुन्हा पुन्हा येतो. त्याच्या मागे बहुतेक व्यंजनांसाठी चार किरणांचं गोल चलनचिन्ह, आणि दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा, हलन्त यांच्यासाठी जपानी येनची खूण. असा नमुना दिसला तर निर्धास्त राहा. तो कॉलम आधी 'बायनरी' प्रकारात न्या, म्हणजे बाइटांना कुणी हात लावणार नाही, आणि तिथून युटीएफ-८-एमबी-४मध्ये आणा. लॅटिन-१मधून थेट नेलात तर डेटाबेस त्या तिरक्या रेघेच्या 'ए'लाच खरं अक्षर समजून नीट जपून ठेवेल.

तिसराही प्रकार असतो, तो युनिकोडपूर्व फाँटांचा. त्यात साठवलेली अक्षरं खरोखरच रोमन असतात, मराठी दिसते ती त्या फाँटमुळे. तिथे कुठलंही कोलेशन कामाचं नाही, त्या फाँटसाठीचा परिवर्तकच लागतो.

प्रश्न : मोबाइल ॲपमध्ये एसक्यूलाइट असतं, त्यातही अशी यादी मिळते का?
— एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : 'प्राग्मा कोलेशन-लिस्ट' म्हणा. मूळ एसक्यूलाइटमध्ये यादी तीन नावांतच संपते : बायनरी, नोकेस आणि आरट्रिम. नोकेस फक्त रोमन सव्वीस अक्षरांपुरतं चालतं, आरट्रिम शेवटची मोकळी जागा सोडून देतं. मराठी क्रम हवा असेल तर आयसीयू जोडून घ्या. ते जड वाटत असेल, तर यादी ॲपच्या कोडमध्येच लावा. अँड्रॉइडच्या जावा-कोटलिनमध्ये 'कोलेटर' नावाचा वर्ग आयता आहे, त्याला मराठीचा लोकेल दिला की काम भागतं. आधी काळे आणि कावळे ही दोनच नावं देऊन तपासा.